खालच्या शाफ्टचा काउंटर

माणसाच्या गुणांमध्ये सुडाला फार वरची जागा द्यायला हवी, असं माझं प्रामाणिक मत आहे. सूड घेणाऱ्याला संयम लागतो, स्मरणशक्ती लागते, नेमकेपणा लागतो आणि स्वतःच्या सुखाविषयी थोडी निरिच्छताही लागते. साधुपुरुषाला लागणारे बहुतेक गुण हेच आहेत. मला याखेरीज चार ॲल्युमिनियमच्या वाट्या आणि दर रविवारी सांगोल्याला जाणारी सकाळची एस.टी. लागली.

मोठा दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली होती. जगभर तेल महागलं होतं, आणि वारा फुकट असतो हा शोध मुंबईतल्या एका समितीला नुकताच लागला होता. समितीने ठिकठिकाणच्या तांत्रिक महाविद्यालयांना पत्रं पाठवून आपापल्या जिल्ह्यातला वारा वर्षभर मोजून कळवायला सांगितलं. जिथला वारा चांगला निघेल तिथे पाणी उपसणारी पवनचक्की उभारली जाणार होती. सोलापुरात मी ज्या महाविद्यालयात कनिष्ठ अधिव्याख्याता होतो, तिथेही हे पत्र आलं. आमच्या विभागप्रमुखांनी त्यावर 'अत्यंत महत्त्वाचे' असा शेरा मारला आणि ते माझ्याकडे पाठवलं.

विभागप्रमुख बाहेरगावचे होते आणि मे महिन्यातही टाय लावत. सोलापूरच्या मे महिन्यात टाय लावण्यात एक प्रकारचं शौर्य आहे, पण ते कोणाच्या उपयोगाचं नाही. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली परदेशातल्या एका पवनचक्कीसमोर काढलेला त्यांचा फोटो होता. त्यात चक्की थोडी आणि ते बरेच दिसत. कोणतंही काम समोर आलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "तपशील तुम्ही बघा."

वारा मोजायचं यंत्र परदेशातून मागवायचं तर परवान्यातच वर्ष गेलं असतं. म्हणून ते मी बनवलं. शुक्रवार पेठेत माझी खोली होती, तिथून चार घरं सोडून भांड्यांचं दुकान होतं. तिथल्या चार वाट्या आडव्या दांड्यांच्या टोकांना बसवल्या, मध्ये सायकलच्या चाकाचा हब घातला. वारा आला की वाट्या गरगर फिरायच्या. आता त्यांच्या फेऱ्या मोजणारं काहीतरी हवं होतं, आणि सोलापुरात अशा वस्तूसाठी कुठे जायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

एका कापड गिरणीत माझ्या ओळखीचे एक जॉबर होते. मागांची एक रांग त्यांच्या हाताखाली चाले. घरी तेलुगू बोलत, आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्य निकाल दिल्यासारखं संपवत. कापडात आडवे धागे किती पडले हे मोजणारा एक छोटा काउंटर प्रत्येक मागावर असतो. त्यांनी मोडीत निघालेल्या एका मागाचा काउंटर माझ्यासाठी काढून ठेवला होता. तो आणायला गेलो तेव्हा विभागप्रमुखही बरोबर होते, कारण जीप कॉलेजची होती आणि तिथून पुढे त्यांना क्लबात जायचं होतं.

"मास्तर, एक ध्यानात ठेवा," जॉबर म्हणाले. "ह्यो खालच्या शाफ्टचा काउंटर हाय. खालचा शाफ्ट एकदा फिरला की कापडात धागे दोन पडत्यात. म्हनून ह्यो एका फेऱ्याला दोन मोजतो. तुमच्या वाट्या एकदा फिरल्या की हितं दोन दिसनार."

"म्हणजे आकडा निम्मा करायचा."

"निम्मा करायचा की. न्हायतर वारं दुप्पट दिसंल, आन् लोकं म्हनतील सोलापूरचा माल खोटा."

विभागप्रमुख मागखात्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. मागांचा आवाज चालू होता, म्हणून जॉबर त्यांच्याजवळ गेले आणि अदबीने, मोठ्या आवाजात, सगळं पुन्हा एकदा समजावून सांगितलं. विभागप्रमुख हसले, त्यांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "तपशील तुम्ही बघा."

मी बघितले. वारा अगदी पडलेला असताना, पहाटे, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर जीपच्या टपाला ते यंत्र बांधून जीप वेगवेगळ्या वेगाने पळवली आणि वाऱ्याचा वेग किती असताना वाट्यांच्या किती फेऱ्या होतात याचा आलेख काढला. टपावर वाट्या फिरताना पाहून एका बैलगाडीवाल्याने आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "भांडी इकायला निघालाय व्हय?"

यंत्र उभं केलं सांगोल्याच्या अलीकडच्या एका माळावर. तो माळ एका मेंढरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा होता. त्याची विहीर खोल होती. उन्हाळ्यात तिचं पाणी इतकं खाली जाई, की शंभरभर मेंढरांना दोराने पाणी शेंदून पाजताना त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या हातांची सालं निघत. पवनचक्की आपल्या विहिरीवर लागावी एवढ्यासाठी त्याने जागा दिली, आणि रोज सकाळी काउंटरवरचा आकडा वहीत उतरवून ठेवायचं कबूल केलं. तो चौथी शिकलेला होता. आकडे टपोरे काढायचा आणि शेऱ्याचा रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. 'आज वारं लई.' 'आज वारं न्हाई पन येनार.' 'टोपी गेली.'

दर रविवारी मी जाऊन ती वही तपासत असे. पहिल्या पानावर जीपवर काढलेला आलेख चिकटवला होता. आकडा निम्मा करायचा हे मात्र वहीत कुठे लिहिलं नव्हतं. ते माझ्या खिशातल्या टिपणवहीत होतं. त्यात काही कावा नव्हता. निम्म्या गावाला जे ठाऊक असतं ते लिहून ठेवायचं सुचत नाही, इतकंच. महिन्याच्या शेवटी वही विभागप्रमुखांकडे जाई आणि प्रत्येक पानाखाली ते 'पाहिले' असं लिहून सही करत. एकदा त्यांनी पुढच्या महिन्याच्या कोऱ्या पानावरही 'पाहिले' लिहिलं होतं.

या वर्षभराच्या कष्टामागे माझा स्वार्थ होता. बंगळूरच्या एका प्राध्यापकांनी मला लिहिलं होतं, की स्वतःच्या नावाचा एक छापील निबंध दाखवा, संशोधनासाठीची जागा तुमची. मी सत्तावीस वर्षांचा होतो. पाच वर्षं तेच वाफेचं इंजिन, त्याच फळ्यावर, त्याच तीन रंगांच्या खडूंनी शिकवत होतो. तो निबंध म्हणजे माझं सोलापूर स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट होतं.

वर्ष संपलं त्या आठवड्यात विभागप्रमुखांनी वही 'कार्यालयीन नोंदीसाठी' मागून घेतली. तीन महिन्यांनी पुण्याच्या एका परिषदेची छापील पुस्तिका कॉलेजात आली. तिच्यात सांगोल्याच्या वाऱ्यावर निबंध होता. त्यावर एकच नाव होतं, आणि ते माझं नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेलो.

"सर, माझं नाव राहिलं."

"कुठे?"

"निबंधावर."

त्यांनी चष्मा काढला. "तुमचं नाव मस्टरवर आहे. रोज सही करता ना? संशोधन विभागाचं असतं, आणि विभागाला एक प्रमुख असतो." मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुढच्या वाऱ्याला बघू."

बंगळूरची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ते कळवणारं पत्र तीन ओळींचं होतं, त्यातली एक शुभेच्छांची.

त्या पत्रानंतर मी तो निबंध पहिल्यांदा नीट वाचला, आणि दुसऱ्या पानावर मला कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं असं सुख लाभलं. त्यांनी आकडा निम्मा केला नव्हता. काउंटरवरचा आकडा म्हणजेच वाट्यांच्या फेऱ्या, असं धरून पुढचं सगळं गणित केलं होतं. निबंधातला वारा खऱ्या वाऱ्याच्या दुप्पट होता. त्या वाऱ्यात सांगोल्याच्या माणसाला वर्षभर धोतर नेसून घराबाहेर पडता आलं नसतं.

आणि एवढ्यावर भागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळणारी शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. एका लहानशा चुकीला आठाने गुणणारा निसर्गनियम सूड घेणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येत असेल. त्यांच्या निबंधावरून समितीने सांगोल्याची चक्की मंजूर केली, तिचा आराखडाही त्यांनीच केला, आणि त्या आठपट शक्तीला शोभेल असा दांडगा पंप तिला जोडायचं ठरलं. खऱ्या वाऱ्यात तो पंप जागचा हलला नसता.

मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. पण मला घाई झाली. चक्की उभी राहायला आणखी वर्ष लागणार होतं आणि मला त्यांची फजिती त्याच महिन्यात हवी होती. टायपिंगच्या एका क्लासमध्ये बसून मी समितीला पत्र लिहिलं. काउंटर, खालचा शाफ्ट, निम्मा आकडा, आठपट चूक, सगळं मुद्देसूद मांडलं आणि खाली सहीच्या जागी 'एक जाणकार नागरिक' असं टाइप केलं. पत्र टाकून मी वाट बघत बसलो. मुंबईहून कोणीतरी येईल, सगळ्या स्टाफसमोर चौकशी होईल, काचेखालचा तो फोटो निघेल, असं बरंच काही मी मनात पाहिलं.

सहा आठवड्यांनी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात माझंच पत्र होतं. त्याला समितीची चिठ्ठी टाचलेली होती: 'संबंधितांच्या अभिप्रायासाठी.' आपल्याकडे एखाद्याविरुद्ध तक्रार आली की ती आधी त्याच्याकडेच पाठवतात, कारण प्रकरणाची खरी माहिती त्यालाच असते. ही रीत मला ठाऊक होती. सुडाच्या भरात ती आठवली नाही.

"वाचा हे," ते म्हणाले.

मी वाचलं. मधलं एक वाक्य उगाच लांबलं होतं.

"कोणी लिहिलं असेल?"

"सांगता येत नाही, सर."

"गिरणीतला कोणीतरी असणार. या लोकांना जगात शाफ्टशिवाय दुसरं काही दिसत नाही." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "भाषा मात्र बरी आहे. याला उत्तर तांत्रिक हवं. मसुदा तुम्ही करा."

तीन दिवस ते पत्र माझ्याकडे होतं. तक्रार खरी आहे असं लिहिलं असतं तर आराखडा दुरुस्त झाला असता, चक्की फिरली असती आणि हार त्यांच्या गळ्यात पडले असते. तक्रार खोटी ठरवली असती तर चक्की तशीच उभी राहिली असती, आणि सगळ्या जिल्ह्यासमोर ठप्प राहिली असती. त्या मेंढरंवाल्याचा विचार मला नंतर सुचला असं म्हणणं सोयीचं आहे. तो तेव्हाच सुचला होता. त्याच्या बायकोचे हातही आठवले होते. तरीही मी तक्रार खोटी ठरवली.

आणि ठरवली ती चांगली ठरवली. तक्रारदाराला माग आणि मापनयंत्र यांतला फरक कळत नाही. काउंटर विभागाच्या कार्यशाळेत पूर्ण खोलून नव्याने बसवला आहे. ऐकीव माहितीवर आधारलेल्या अशा शंकांनी संशोधनाचा वेळ जातो. लिहिता लिहिता मला त्या जाणकार नागरिकाची खरोखरच चीड येऊ लागली. विभागप्रमुखांनी मसुदा दोनदा वाचला.

"उत्तम. त्याला काही कळत नाही हे फार छान उतरलंय." मग बोटाने कागदाचा खालचा कोपरा दाखवला. "इथे सही करा. मसुदा करणाऱ्याने करायची असते."

मी आनंदाने सही केली.

हे सगळं जॉबरना सांगायला गेलो. त्यांनी विडी न पेटवता तशीच बोटांत धरून ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमीच तक्रार केली, आन् तुमीच खोडली."

"हो."

"आन् सही?"

"कोपऱ्यात."

"मास्तर, आमच्याकडं खराब कापड निघालं की आदी त्याच्यावरचा इननाऱ्याचा नंबर बघत्यात. माग कुनी बिघडवला ते मागनं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

उद्घाटनाला माळावर मांडव घातला होता. मुंबईहून समितीचे अध्यक्ष आले होते. शेतकऱ्याने विहिरीजवळ मेंढरांना पाणी प्यायला नवी दगडी दोण आणून ठेवली होती आणि तिला हळदकुंकू लावलं होतं. मेंढरं लांब थांबवली होती, पण सकाळपासून मुद्दाम पाणी पाजलेलं नसल्यामुळे त्यांचा आवाज भाषणांत येत होता. विभागप्रमुख पवनशक्तीच्या भवितव्यावर वीस मिनिटं बोलले. मांडवाच्या झालरी फडफडत होत्या आणि अध्यक्षांच्या भाषणाचा कागद दोनदा उडाला, त्यामुळे वारा नव्हता असं पुढे कोणाला म्हणता येईना. नारळ फुटला. अध्यक्षांनी ब्रेकची दोरी सोडली.

पंखा हलला नाही.

ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वात निर्मळ पाच मिनिटं होती. विभागप्रमुखांनी टाय सैल केला. कोणीतरी खांबाला धक्का देऊन पाहिला. कोणीतरी दुसरा नारळ आणा म्हणालं. तहसीलदारांनी वर पाहून, "फारच भक्कम आहे," असं मत दिलं. मी मागच्या रांगेत उभा राहून यातलं काहीही निसटू देत नव्हतो.

"सायेब, ह्यो फिरंना का?" शेतकऱ्याने सगळ्यांना मिळून विचारलं. दोणीच्या काठावर त्याची बायको बसली होती.

अध्यक्ष विभागप्रमुखांकडे वळले. "इथल्या वाऱ्याबद्दल मध्ये एक तक्रार आली होती ना?"

"आली होती," विभागप्रमुख म्हणाले, आणि त्यांनी जीपमधून फाइल मागवली. फाइल त्यांनी सोलापूरहून येतानाच बरोबर आणली होती. त्यांनी ती अध्यक्षांसमोर उघडली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "तांत्रिक छाननी यांनी केली. मी यांच्या शब्दावर विसंबलो. तरुण मंडळींना संधी द्यावी लागते."

अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं, नाव विचारलं आणि ते लिहून घेतलं. सांगोल्याच्या वाऱ्याच्या संशोधनात माझं नाव आलं ते असं.

पुढे माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तक्रार मीच केली होती हे सांगावं, तर खोटी मीच ठरवली हेही सांगावं लागत होतं. आणि एका माणसाने दोन्ही का करावं, हे पटेल असं लिहिणं मला जमलं नाही. मी नजरचूक झाली असं लिहिलं. मला समज देण्यात आली आणि तशी नोंद झाली. विभागप्रमुखांनी समितीकडे माझ्यासाठी दोन शब्द टाकले, अशी बातमी त्यांनीच कॉलेजभर केली. त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांना आजही क्षमा केलेली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी सांगोल्याची एस.टी. धरली. शेतकरी चिडला असेल असं वाटलं होतं. तो विहिरीवर पाणी शेंदत होता.

"लई मानसं आली हुती," तो म्हणाला. "च्या बी चांगला हुता. पान्याचं काय करायचं, मास्तर?"

मी खांबावर चढलो. पंखा फिरला की पंपाचा दांडा वरखाली करणारी एक लोखंडी तबकडी वर होती. तिला तीन भोकं होती आणि दांड्याची पिन सर्वात बाहेरच्या भोकात होती. बाहेरच्या भोकात पिन असली की दांडा लांब हलतो, पाणी जास्त येतं, पण जोरही तेवढाच लागतो. मी पिन काढून सर्वात आतल्या भोकात घातली. या कामाला दहा मिनिटं लागली. उद्घाटनाच्या दिवशीही दहाच लागली असती, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

पंखा कुरकुरला, अडला आणि फिरायला लागला. थोड्या वेळाने दोणीत करंगळीएवढी धार पडली. निबंधात छापलेल्या पाण्याच्या ती साधारण एक अष्टमांश होती.

"एवढंच येणार," मी म्हणालो.

"येऊ द्या की," शेतकरी म्हणाला. "मेंढरं काय छापल्यालं वाचत्यात व्हय?"

त्याच्या बायकोने धारेखाली हात धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मी शेवटच्या एस.टी.साठी लवकर निघालो. तसा अजून बराच वेळ होता.

पावसाळ्यानंतर विभागप्रमुख पाहणीला गेले. चक्की फिरताना दिसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला खांबावर चढवून पिन कुठे आहे ते विचारून घेतलं. पुढच्या परिषदेच्या पुस्तिकेत पवनचक्कीतल्या पिनेच्या योग्य जागेवर त्यांचा निबंध आला. नाव एकच होतं. त्या निबंधानंतर ते एका मोठ्या कॉलेजचे प्राचार्य होऊन गेले. निरोपसमारंभात त्यांनी ज्ञानसाधनेवर भाषण केलं आणि मी आभार मानले.

ती पुस्तिका माझ्याकडे अजून आहे. ज्ञान कोणाच्या नावाने जगात येतं याला अखेर महत्त्व नसतं. ते येतं आणि कोणाची तरी तहान भागवतं, संशोधकाला याहून मोठं समाधान नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो आहे, आणि आता ते मला जवळजवळ पटलेलं आहे.

त्या निबंधाच्या तिसऱ्या पानावर पिनेचा व्यास चुकलेला आहे. मी कोणालाही कळवलेलं नाही.